दाभोळी ते सांबरा, सव्वातेरा तास

१

सन एकोणीसशे त्रेसष्ट, महिना एप्रिल. गोवा मोकळा होऊन सव्वा वर्ष उलटलं होतं आणि मालवण अजून रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होतं. त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, शुक्रवारी सकाळी आठ वाजता, मालवणच्या सरकारी बंगल्यात एक लाल बस्ता उघडला गेला आणि त्यातून जुन्या वर्तमानपत्रांची चळत बाहेर पडली. जी फाईल असायला हवी होती ती नव्हती.

"एस्पेरांसा टीचरना बोलवा," फौजदार गणपतराव म्हणाले.

चोर शोधायला नव्हे. फौजदारांचा लिहिणारा जमादार रजेवर होता आणि गणपतरावांचं अक्षर त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. गावातले निम्मे अर्ज एस्पेरांसाच्या हातचे असत. वय चोपन्न, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं, लग्न न केलेलं, आणि सगळ्या गावाला "टीचर" म्हणूनच ठाऊक. चुकीचं उत्तर ऐकलं की तिच्या कपाळावर एक उभी शीर उठे.

ती बंगल्यावर पोचली तेव्हा पडवीच्या पायरीवर भिकाजी बसला होता. बंगल्याचा राखणदार, बावीस वर्षांचा जुना. कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असे. आज करगोटा तेवढा होता, किल्ली फौजदारांच्या टेबलावर.

"टीचर, मी घेवक नाय," तो म्हणाला. "माझ्या हातात बस्तो बांधलेलोच दिल्यानी. मी तसोच कपाटात ठेवलय."

"मग तसं सांग की त्यांना."

"चार वेळा सांगलय."

आतून गणपतराव ओरडले, "उद्या पारकरांच्या खात्याचे मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर कबूल झाला नाहीस तर परवा सावंतवाडीच्या कोठडीत जाशील. नोकरी गेली, राहायची खोली गेली, समजलं?"

भिकाजीने मान खाली घातली. त्याला सगळं समजलं होतं, आपण काय केलं तेवढं सोडून.

२

फाईल होती ती विमानतळांची. एक विमानतळ दक्षिणेला गोव्यात, दाभोळीला. दुसरा घाटमाथ्यावर बेळगावजवळ, सांबऱ्याला. दोन्ही ठिकाणी तेव्हा माळ, वारा आणि क्वचित एखादं विमान. नकाशावर सरळ रेघ मारली तर मधलं अंतर साठ मैल, विमानाला वीस मिनिटं. पण किनाऱ्यावरच्या माणसाला एकाहून दुसऱ्याकडे जायचं झालं तर किती वेळ लागतो? तो फार लागत असेल तर मालवणजवळच्या उघड्या कातळाच्या सड्यावर मधली एक धावपट्टी करावी का? हे सरकारला हवं होतं. त्यासाठी मुंबईहून एक अधिकारी आला होता. त्याने दाभोळीहून मालवणमार्गे सांबऱ्यापर्यंत दोनदा जीपने जायचं, जागोजागची वेळ टिपायची आणि दोन्ही टोकांना तिथल्या अधिकाऱ्याची सही घ्यायची.

अधिकाऱ्याचं नाव सत्यवान पारकर. घर आचऱ्याचं, जन्म मुंबईचा. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"लिहा टीचर," तो म्हणाला. "काल, गुरुवारी संध्याकाळी मी दौऱ्यावरून परत आलो. फाईल बस्त्यात बांधून राखणदाराकडे दिली. सकाळी उघडली तर ही रद्दी."

"दौरा कुठला ते लिहायचं का?"

"लिहाच. किती मेहनतीची फाईल होती ते साहेबांना कळू दे." तो डोळे मिटून पाठ म्हणावं तसं म्हणू लागला. "सोमवार, पंधरा तारीख. दाभोळी सोडली पहाटे पाचला. कर्लीच्या खाडीवर साडेदहाला, जीप होड्यांच्या सांगडीवर चढवून पार. मालवण साडेअकरा. आंबोली चार. सांबरा सव्वासहा. एकूण सव्वातेरा तास. मंगळवारी बांद्यावरून सरळ रस्त्याने परत दाभोळीला. बुधवार, सतरा तारीख. दाभोळी पाच, कर्ली साडेदहा, मालवण साडेअकरा, आंबोली चार, सांबरा सव्वासहा. गुरुवारी सांबऱ्याहून आंबोलीवरून इथे."

एस्पेरांसाची लेखणी थांबली. "सगळं तोंडपाठ आहे तुमच्या."

"माझं कामच आहे ते."

"मग फाईल गेली म्हणून अडलं कुठं? पुन्हा लिहून काढा."

सत्यवानने डोळे उघडले. "सह्या होत्या ना तिच्यात. त्या कुठून आणू?"

गणपतराव मान हलवत म्हणाले, "भिकाजीची आठ काजूची झाडं आहेत त्या सड्यावर. फाईल गेली की जमीन वाचली. झालं, लागला छडा."

एस्पेरांसाच्या कपाळावरची शीर उठली. उत्तर आधी लिहून मग गणित मांडणारी मुलं तिने आयुष्यभर पाहिली होती. तसाच एक आता फौजदार होऊन तिच्यासमोर बसला होता.

"सड्यावर जमीन एकट्या भिकाजीची नाही," ती म्हणाली. "परशुराम खोतांची चाळीस एकर आहे. त्यांनी बाजारात उभं राहून सांगितलंय की ती फाईल चुलीत घालीन."

"खोत असं करणार नाहीत."

"आणि भिकाजी करणार?"

"टीचर," गणपतराव म्हणाले, "तुम्ही लिहा."

३

तिने लिहून दिलं आणि तडक परशुराम खोतांकडे गेली. खोत ओटीवर सुपारी कातरत होते.

"होय, म्हटलय," ते म्हणाले. "आणि गावली असती तर घातली पण असतय. पण माका सांग टीचर, फाईल जाळून जमीन कशी वाचात? सरकार दुसरी करीत. माझो वकील म्हणता, त्या फायलीतल्या चुकाच आपल्या उपयोगाच्या. माका ती फाईल जिवंत होयी!"

हे तिला पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. खोत चोर निघाले असते तर दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत भिकाजी सुटला असता.

पारकरसाहेबांच्या जीपचा ड्रायव्हर सांतान बंदराजवळ चाकाला हवा भरत होता. तिचाच विद्यार्थी, त्रैराशिकात दोनदा नापास झालेला.

"सांतान, सोमवारी तू कुठे होतास रे?"

"सायबावांगडा, टीचर."

"साहेबांबरोबर. आणि साहेब कुठे होते?"

"माझ्यावांगडा."

"थट्टा करतोस? पास्कांचं, ईस्टरचं फेस्त रविवारी झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दाभोळी सोडायची तर फेस्ताच्याच दिवशी गोव्याला जायला हवं. आणि फेस्ताच्या संध्याकाळी तू आमच्या चर्चसमोर घुमट वाजवत होतास. मी पाहिलंय."

सांतानने पंप खाली ठेवला. चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "रात्रीचे गेलो आमी."

"गळ्यातल्या खुरसाची आण घेतोस?"

त्याने पुन्हा पंप उचलला आणि भरलेल्या चाकात हवा भरू लागला.

"टीचर, सायबाची गजाल सायबाक विचारा. माझा पोट तेंच्या सहीर आसा."

"आणि भिकाजीचं कशावर आहे?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पंप थांबला नाही. एस्पेरांसा पाय आपटत निघाली. याला काही तरी ठाऊक होतं आणि तो ते सांगणार नव्हता.

४

कर्लीच्या खाडीवर तरीचं काम लवूकडे होतं. माणसांसाठी लहान होडी. जीप आली तर दोन मोठ्या होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या. तीच सांगड. एस्पेरांसा मिळेल त्या बसने आणि उरलेलं चालत खाडीवर गेली तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

"लवू, सोमवारी आणि बुधवारी सकाळी पारकरसाहेबांची जीप नेलीस का?"

लवू विडी ओढत होता. "सायब काय म्हणतत?"

"नेलीस म्हणतात."

"मग नेली आसतली."

"अरे, तू नेलीस की नाही?"

"टीचर, जूनात तरीचो ठेको परत होतलो. कागद खंयच्या खात्यातसून येतत? सायबांच्याच. सायब म्हणतत नेली, तर मी नाय म्हणान काय करू? तुमी येतलास होडी वल्हवूक?"

"म्हणजे नाही नेलीस."

"मी असा खंय म्हटलय?"

ती त्याच्यावर ओरडली. त्याने विडी विझवली, तिला पाणी दिलं, बसायला फळी पुसून दिली, आणि साक्ष मात्र दिली नाही. परत येताना बस तासभर आलीच नाही. टीचर खोटं कशाला बोलेल, असं ज्या गावात तिच्याबद्दल सगळे म्हणत, त्याच गावात खरं बोलायला एक माणूस मिळेना.

घरी भिकाजीची बायको यशोदा उंबऱ्यावर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. एस्पेरांसाने तिला पेज वाढली.

"टीचर, तुमीच काय ता करा. ह्यांका कोठडी सोसाची नाय." दोन घास खाल्ल्यावर ती बोलू लागली. "तो सायब बरो माणूस वाटलो माका. गेल्या शनवारी माझी संकष्टी. बंगल्यार हे नव्हते, म्हणान मीच चाय केलय. तर सायब म्हणता, यशोदाबाय, उपासाक काय खातास, आमची आईय संकष्टी धरता. आणि मगे तोंड फिरवन बसलो."

एस्पेरांसाचा हात वाढता वाढता थांबला.

"शनिवारी संकष्टी होती?"

"होय तर. तेरा तारखेक."

"यशोदा," ती म्हणाली, "शनिवारी चतुर्थी, म्हणजे सोमवारी षष्ठी. आणि बुधवारी अष्टमी!"

यशोदा घाबरून बघत राहिली. टीचरने पाटी ओढली.

५

किनाऱ्यावरच्या पोराला पाढ्यांआधी एक हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पाणी पूर्ण चढतं. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. तिथून सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. एस्पेरांसा ख्रिस्ती, तिच्या घरी पंचांग नव्हतं. पण तिचा बाप गलबतावर तांडेल होता आणि हा हिशेब तिने बापाच्या मांडीवर बसून शिकला होता.

षष्ठीची पाऊणपट साडेचार. म्हणजे सोमवारी पहाटे साडेचारला भरती आणि पावणेअकराला खाडी रिकामी. सत्यवानच्या साडेदहाला सांगड चिखलात बसलेली असणार. माणूस गुडघाभर चिखल तुडवून होडीत चढेल. जीप चढणार नाही. बुधवारी, अष्टमीला, सहाची भरती. साडेदहाला तीच गत.

मग त्याने साडेदहा हा आकडा आणला कुठून? त्याच्या आधीच्या सोमवारी, आठ तारखेला, तो गोव्याकडून पहिल्यांदा मालवणात आला तेव्हा खरोखरच जीपने आला होता. भिकाजीने सामान उतरवलं होतं. ती चतुर्दशी. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा! तो एकच दिवस त्याने खरा पाहिला आणि तोच पुढच्या आठवड्याला चिकटवला. गोव्यात जुवारी नदीवरची फेरीबोट इंजिनावर चालते, घड्याळाप्रमाणे सुटते. मुंबईत वाढलेल्या माणसाला वाटलं, कर्लीची तरही तशीच सुटत असेल.

तिने पाटी उचलली आणि पोलीस ठाण्यात गेली.

गणपतरावांनी पाटी सुलटी, उलटी पाहिली. ते साताऱ्याकडचे. "टीचर, चंद्राची साक्ष कोर्टात चालत नाही."

"चंद्राची नाही हो, पाण्याची! लवूला ठेका हवा, सांतानला नोकरी हवी. पाण्याला काय हवंय? ते कशाला खोटं बोलेल?"

"उद्या साहेब येतील. त्यांची तार आहे. वेंगुर्ल्याहून जीपने निघून एक वाजता इथे."

"खाडीवर किती वाजता येणार?"

"सव्वाबारा धरा."

तिने पाटीवर दोन आकडे लिहिले. "उद्या एकादशी. भरती सव्वाआठला. सव्वाबाराला साहेबांची जीप पलीकडेच राहील. साहेब एक वाजता येणार नाहीत, आणि येतील तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात असतील. तसे आले तर माझी पाटी वाचाल?"

"आणि जीपने आले तर?"

"तर भिकाजीविरुद्धचा कागद मी माझ्या हाताने लिहून देईन."

ठाण्यातून बाहेर पडल्यावर तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. हिशेब आपला होता. पैजेला लावलेला माणूस मात्र यशोदाचा होता.

६

शनिवारी एक वाजला, साहेब आले नाहीत. दोन वाजले. बंगल्याच्या पडवीत गणपतराव घड्याळ बघत होते, सत्यवान नखं कुरतडत होता. भिकाजी पायरीवर, त्याच्या मागे यशोदा. सांतान जीपपाशी उभा.

सव्वातीनला फाटकातून मोठे साहेब आत आले. पायी. बूट हातात, विजार गुडघ्याच्या वर गुंडाळलेली, आणि तिथपर्यंत काळाकुट्ट चिखल.

"काय देश आहे हा!" ते गरजले. "जीप त्या काठावर, खाडीत पाणी नाही! तो होडीवाला म्हणतो, संध्याकाळी या. संध्याकाळी?"

भिकाजी सवयीने उठला आणि पाय धुवायला बादली आणायला गेला. गणपतरावांनी कोपऱ्यात ठेवलेली पाटी उचलली आणि टीचरच्या हाती दिली.

"साहेब," एस्पेरांसा म्हणाली, "तुम्हाला आज सव्वाबाराला जे झालं तेच पारकरसाहेबांना सोमवारी आणि बुधवारी साडेदहाला व्हायला हवं होतं. पण त्यांची जीप दोन्ही दिवशी पार झाली. कशी, ते त्यांनाच विचारा."

तिने तिथी, भरती, ओहोटी सगळं मांडलं. साहेब चिखलासकट खुर्चीत बसून ऐकत राहिले.

"आणि फाईल?" त्यांनी विचारलं.

"फाईल चोरून फायदा कोणाचा? आकडे यांना पाठ आहेत. ते गेले नाहीत. गेल्या त्या फक्त सह्या. ज्या सह्या कधी घेतल्याच नाहीत त्या हरवल्या की बरं, असं एकाच माणसाला वाटेल. बस्ता यांनीच बांधला. भिकाजीने तो उघडलासुद्धा नाही."

सगळे सत्यवानकडे बघत होते.

मग जीपपाशी उभा असलेला सांतानच रडायला लागला. "सायबानु, सांगा ना ओ! आचऱ्याक होतो आमी. चारय दिस."

"आई आहे तिथे," सत्यवान म्हणाला. "अंथरुणाला खिळलीय. घास भरवायला कोणी नाही. मी रजा मागितली होती साहेब. तीनदा मागितली. तीनदा तुम्हीच नाकारलीत. मग म्हटलं, दोन विमानतळांमधलं अंतर काय पळून जात नाही. सव्वातेरा नाही तर चौदा, नाही तर पंधरा. कोण मोजणार होतं?"

"फाईल?"

"आचऱ्याला आहे. अर्ध्याहून जास्त पानं कोरी आहेत. पारकरांचा मुलगा चोर नाही साहेब."

"मग तो चोर होता?" एस्पेरांसाने बादली घेऊन उभ्या असलेल्या भिकाजीकडे बोट केलं. तिचा आवाज फाटला. "तुमची आई आहे, मान्य. याला बायको नाही? तुम्ही चार दिवस आईजवळ होतात हे सांगितलं असतंत तर साहेब तुम्हाला रागावले असते. न सांगता याला कोठडीत पाठवत होतात!"

सत्यवान भिकाजीपुढे हात जोडून उभा राहिला. भिकाजीला काय करावं ते कळेना. त्याने बादली खाली ठेवली आणि तो साहेबांचे पाय धुवायला बसला.

साहेबांनी पाय मागे घेतले. त्यांनी भिकाजीची माफी मागितली नाही, किल्ली मात्र स्वतः टेबलावरून उचलून त्याला दिली. मग म्हणाले, "हे सगळं बंद. भरवशाचे आकडे नाहीत, तर धावपट्टी नाही."

आणि ते संध्याकाळच्या भरतीची वाट बघत बसले.

७

सत्यवानची आई आठवड्याभरात गेली. खात्याने त्याला आधी घरी बसवलं, नंतर त्यानेच नोकरी सोडली. तो आचऱ्यालाच राहिला, माडांचं बघू लागला. मालवणच्या बाजारात आला तर एस्पेरांसाला लांबून नमस्कार करी. ती कधी घेई, कधी न बघितल्यासारखं करी.

सांतान पुढे एस.टी.त लागला आणि मालवण–आंबोली गाडी वीस वर्षं चालवली. टीचर गाडीत असली की तो गाडी हळू हाकी, आणि त्यावरून ती त्याला ओरडे. लवूला ठेका त्या जूनमध्येही मिळाला. खाडीवर पूल झाल्यावर तो मुलाकडे मुंबईला गेला आणि तिथे त्याचं मन लागलं नाही, असं ऐकलं. खोतांनी सड्यावर आंब्याची कलमं लावली. गणपतराव पुढच्याच वर्षी बदली घेऊन घाटावर गेले. जाताना टीचरकडून ती पाटी मागून घेतली.

दाभोळीहून मालवणमार्गे सांबऱ्याला खरोखर किती वेळ लागतो, हे त्यानंतर कोणी मोजलं नाही.

भिकाजी अडुसष्टमध्ये निवृत्त झाला. खात्याने दाखला दिला. यशोदा तो घेऊन टीचरकडे आली. एस्पेरांसाने वाचला: वर्तणूक, समाधानकारक.

"समाधानकारक?" तिच्या कपाळावर शीर उठली. "सत्तावीस वर्षं, आणि समाधानकारक?"

ती भिकाजीला घेऊन कुडाळच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, फाईलमध्ये त्रेसष्ट सालचा एक शेरा आहे. तो खोटा ठरल्याचा कागद कुठे आहे, म्हणाली ती. तो जोडलेला नाही, म्हणाला. पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला साहेब दौऱ्यावर, पाचव्या खेपेला कारकून बदललेला.

सहाव्या खेपेला ती छत्री घेऊन निघाली तेव्हा भिकाजी बसस्टँडवर आडवा आला.

"टीचर, आता पुरे."

"पुरे काय? तो शब्द खोटा आहे."

"माका वाचूक येना," भिकाजी म्हणाला. "आणि गावात ज्यांका वाचूक येता, त्यांका ठावक आसा."

बस आली. भिकाजीने तिच्या हातातली छत्री काढून घेतली. ती त्याच्यावर चिडली, बरंच काही बोलली, आणि बसमध्ये चढली. तो छत्री घेऊन तिच्या मागोमाग चढला आणि कंडक्टरला म्हणाला, "कुडाळ, दोन."